बस्त्यातलं कूपन

"कूपनं?"

दुकानाच्या त्या टोकाकडून ह्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं. आवाज काढलाच नाही. हे तिकडे पुरुषांच्या विभागात नवरदेवाच्या सफारीचं कापड चाचपत उभे होते, मी इकडे गादीवर साड्यांच्या ढिगाऱ्यात बसलेली, आणि आमच्यामध्ये लग्नसराईची ही गर्दी. तरी मला शब्द स्वच्छ पोचला.

त्यात नवल काही नव्हतं. आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं इचलकरंजीत मागांच्या शेडमध्ये काढलेली. हे जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालता करणारे. मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला. शेडमध्ये माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. ह्यांनी मला लग्नाचं विचारलं तेही शेडच्या त्या टोकाकडून, ओठांनीच. आमच्या ओळीतल्या सगळ्या कांडीवाल्यांनी ते वाचलं आणि मी उत्तर द्यायच्या आत फिदीफिदी हसायला लागल्या. मी होकार दिला तो निम्मा लाजून आणि निम्मा त्या हसणाऱ्यांवर चिडून.

पुढे त्याच मागांनी ह्यांचे कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. पण समोरच्याचं तोंड दिसलं की ह्यांना सगळं समजायचं, त्यामुळे परक्या माणसाला पत्ताही लागत नसे. वैजूच्या सासरच्यांनाही लागला नव्हता.

वैजू म्हणजे आमची वैजयंता, एकुलती एक. तिचं लग्न गडहिंग्लजच्या उदयशी ठरलं होतं आणि त्या दिवशी आम्ही दोन्हीकडची माणसं कोल्हापूरच्या तीन मजली दुकानात बस्ता बांधायला जमलो होतो. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. नवरदेवाचा पोशाख आणि त्यांच्याकडच्या मानाच्या साड्या आम्ही घ्यायच्या, नवरीचा शालू आणि आमच्याकडच्या मानाच्या साड्या त्यांनी घ्यायच्या. बिलं दोन, गल्ला एक. आणि साडीवरचं लेबल काढायचं नाही. कुणाला केवढ्याची नेसवली हे नेसणारीला दिसलं पाहिजे, नाहीतर मान कसला?

आता कूपनाचं सांगते. त्या वर्षी पेपरात रोज एक कूपन छापून यायचं, लाल तोरणाची किनार असलेलं. ती सगळी कापून एका तक्त्यावर चिकटवायची आणि भरलेला तक्ता त्या दुकानात दाखवला की बिलात रुपयामागे चार आणे सूट. आमच्या घरी पेपर येत नव्हता. मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जायची, गिऱ्हाइकांचं वाचून होईपर्यंत थांबायची आणि ब्लेडने तेवढा चौकोन कापून आणायची. चहावाला वैतागायचा. "मावशी, मागच्या पानावरची कुस्तीची बातमी निम्मी गेली की!" मी म्हणायची, "निम्मी वाच आणि निम्मी मनानं लढ." डिंक विकत आणला नाही. सायझिंगमधून वाटीभर खळ आणली, सुताला लावतात ती, तिनेच चिकटवली. तक्त्याला तिचा आंबूस वास यायचा. पण एक कूपन चुकलं नव्हतं.

हा सगळा आटापिटा वैजूच्या लग्नासाठी असला तरी ते चार आणे ह्यांच्या कानांसाठी होते.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी ह्यांना मशीन लावून दाखवलं होतं. मशीन कानात बसलं तसे हे छताकडे बघून म्हणाले, "पंखा वाजतोय." मग मी भीतभीत हाक मारली, "अहो." हे चमकलेच. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा आवाज म्हातारा झालाय की गं!" डॉक्टर हसले, मी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी नवऱ्याने आवाज ऐकला आणि त्यात खोड काढली.

घरी येताना एसटीत हे म्हणाले होते, "लग्नाआधी मिळालं तर बरं. आक्कानं मंगलाष्टक केलंय म्हणं. ते ऐकायचं हाय."

आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. घरातल्या प्रत्येक लग्नात त्या स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक म्हणायच्या. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी नवं केलं होतं आणि त्यात ह्यांचं नाव गुंफलं होतं. दुसरं काही ह्यांनी आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही. मी हिशोब बसवला. लग्नाचे पैसे ठरलेले, त्यातला एक रुपया इकडचा तिकडे होणार नव्हता, उसनं मिळण्यासारखं होतं तिथून आणून झालं होतं. बस्त्याच्या बिलात जी सूट पडेल ती बरोबर मशीनची किंमत. ह्यांना मी तक्ता दाखवला आणि म्हटलं, "तुमचं मशीन ह्या कागदात हाय बघा."

तर असा तो कागद माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत, आणि मी बस्त्यात.

मालनताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, उंच, गोऱ्या, बोलणं हळू. त्यांनी डाळिंबी रंगाची रेशमी साडी नेसली होती आणि हातात चामडी पर्स होती. मी सुतीच नेसले होते, आमच्याच शेडमध्ये विणलेली, पण कांजी घालून कडक इस्त्री केलेली. त्यांनी शालू निवडला, आमच्याकडच्या साड्या निवडल्या. मधूनमधून मला विचारत होत्या, "बरी दिसंल न्हवं तुमच्या जावेला?" माणूस वाईट नव्हतं. पण मला त्यांच्यासमोर हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं.

निवड झाली आणि त्या उदयला घेऊन आमच्याआधी गल्ल्याशी गेल्या. माझ्याकडे दोघांची पाठ. त्यांनी उदयशी काहीतरी कुजबुज केली, मग उदयने पाकीट उघडलं आणि लेबलाप्रमाणे सगळे पैसे मोजायला घेतले. घासाघीस नाही, सूट नाही, एक शब्द नाही. माणसं असं बिल देतात, माझ्या मनात आलं. आणि आता मी जाऊन खळीचा वास येणारा, चहाच्या डागांचा कागद काढायचा? माझ्या लेकीच्या सासूसमोर? उद्या त्यांच्या घरात कुणाला साडी नेसवताना म्हणायच्या, ही वैजूच्या आईने कूपनावर आणलेली.

नेमकं तेव्हाच ह्यांनी तिकडून विचारलं, "कूपनं?"

मी मान हलवली. नको.

ह्यांनी भुवया वर केल्या. का?

आता काय सांगायचं? लाज वाटते, असं ओठांनी सांगता येतं. शेडमध्ये असताना मी ते कितीदा सांगितलं होतं. पण त्या दिवशी ओठांवर दुसरंच आलं.

"मुदत संपली," मी म्हणाले.

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मान डोलावली आणि पुन्हा सफारीच्या कापडाकडे वळले. मी गल्ल्यावर गेले आणि लेबलाप्रमाणे सगळे पैसे दिले. मालनताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या नोटांकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. मला वाटलं, आपण जिंकलो.

घरी आल्यावर ती जिंकल्याची धुंदी चूल पेटेपर्यंतसुद्धा टिकली नाही. हे जेवताना म्हणाले, "मुदत कवा संपली?" मी म्हणाले, "परवा. मला तारीख नीट दिसली न्हाई, अक्षरं बारीक." हे म्हणाले, "असू दे. एवढं राबलीस त्या कागदासाठी." आणि वर माझ्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. मी तो आमटीत कुस्करत बसले.

खरी मुदत अजून आठवड्याची होती.

आठवडाभर मी मनातल्या मनात वाट शोधत होते आणि शेवटच्या दिवशी सापडली. बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं, घेतलेल्या सगळ्या साड्या पिशवीत भरल्या, वर तक्ता ठेवला आणि कोल्हापूरची गाडी पकडली. दुपारी दुकानात गर्दी नव्हती. गल्ल्यावर अरविंदशेठ, दुकानाचे मालक, वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

"शेठ, राग मानू नका, एक विचारायचं हाय," मी म्हणाले आणि तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. "ह्या साड्या तुमच्याकडनंच नेल्यात. घडी मोडली न्हाई. परत घ्या आणि पुन्हा ह्या कूपनावर द्या. जमंल का?"

वाटलं, हाकलून देतील. त्यांनी तक्ता उचलला, एकेका चौकोनावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढी व्यवस्थित चिकटवलेली मी पहिल्यांदाच बघतोय. आणा माल. मुदत आज आहे ना, मग झालं. बिल नवीन करून देतो, वरचे पैसे परत."

मी स्टुलावर बसले. "तुमचा तोटा न्हाई का व्हायचा?"

शेठ हसले. "कसला तोटा, ताई? सूट देऊन येणारा भाव आम्ही आधीच धरलेला असतो. तो आमचा खरा भाव. कात्री घेऊन बसणारं गिऱ्हाईक वेगळं, लेबलावर घेणारं वेगळं. सगळ्यांना एकच भाव लावला तर एक तरी हातचं जाणार. असं केलं की दोन्ही राहतात."

"आणि बस्तेवाले?"

"बस्त्यात कूपन निघत नाही." त्यांनी साड्यांची लेबलं जुळवत सहज सांगितलं. "इतकी वर्षं गल्ल्यावर बसतोय. दोन्हीकडची माणसं समोरासमोर असताना एकानेही काढलेलं मी बघितलं नाही. खिशात असतं, पण निघत नाही. म्हणून तर स्कीम ऐन लग्नसराईत ठेवतो."

त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. आपला धंदा सांगावा तसं ते सांगत होते. पण मला दुकानाच्या मधोमध कुणी उघडं केल्यासारखं वाटलं. म्हणजे मी गल्ल्याशी उभी राहून जे मनाशी झगडले, ते शेठनी आधीच धरलेलं होतं. माझ्या लाजेचे चार आणे दुकानाच्या हिशोबात आधीपासून होते.

तरी मी उरलेल्या साड्या पुढे सरकवल्या. लाज असो नाहीतर काही असो, आज मशीनचे पैसे परत मिळत होते.

शेठनी बिलबुक ओढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि जिन्यावर पावलं वाजली. मी वळून बघितलं. मालनताई.

एकट्याच होत्या. आज रेशमी साडी नव्हती, घरातली फिकट गुलाबी होती. घामाने कपाळाचं कुंकू ओघळलं होतं. खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी, फुगलेली. मला बघितलं तशा त्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

"अगंबाई, विहीणबाई!" त्या म्हणाल्या.

"या की, या!" मी म्हणाले. जसं काही माझंच दुकान.

बघता बघता शेठनी माझा तक्ता ब्लाउजपीसच्या गठ्ठ्याखाली सरकवला आणि पेनाला टोपण लावलं. धंद्यातला माणूस. कुणाचं काय झाकायचं ते त्याला सांगावं लागत नाही.

"तुम्ही कशा काय?" मालनताईंनी विचारलं. त्यांची नजर गल्ल्यावर पसरलेल्या साड्यांवर होती.

"एका साडीचा काठ जरा विरल्यासारखा वाटला," मी म्हणाले. "दाखवायला आणली."

"सगळ्याच आणल्यात?"

"म्हटलं, एकदमच बघून घ्यावं. आणि तुम्ही?"

"मी..." त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली. "मी सहजच. म्हणजे, वैजूला आणखी एक घ्यावी म्हटलं. त्या दिवशी घाईत राहून गेली."

"कशाला वो आणखी?"

"असू दे की. पोरगी आमची न्हाई का आता?"

आणि बोलल्यावर त्यांना घेणं भाग होतं. शेठनी साड्या उलगडल्या. त्यांनी एक निवडली, मोरपंखी, बारीक बुट्ट्यांची. निवडताना तिचं लेबल दोनदा उलटून बघितलं. ती गल्ल्यावर ठेवली तसा आता माझ्यावर डाव आला. विहीण माझ्या लेकीला मानाबाहेर साडी घेते आणि मी नुसती बघत उभी राहू?

"मग मीही तुम्हाला एक घेणार," मी म्हणाले.

"अहो नको, नको."

"तुम्ही नको म्हणायचं न्हाई. मान असतो."

जांभळी घेतली. हळदीकुंकवासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते मी दिले. लेबलाप्रमाणे. त्यांनीही दिले, लेबलाप्रमाणे. शेठनी दोन बिलं फाडली, दोघींना थंड मागवलं, माझ्या साड्यांच्या घड्या पुन्हा पिशवीत भरून दिल्या आणि म्हणाले, "काठ एकदम मजबूत आहे ताई, काळजी करू नका." तक्ता गठ्ठ्याखालीच राहिला. मी तो मागू शकत नव्हते आणि ते देऊ शकत नव्हते.

दोघी बरोबरच स्टँडकडे निघालो. ऊन रणरणत होतं. वाटेत उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं तिथे बसलो. मालनताईंनी तोंड पुसायला पिशवीतून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर एक कागद अर्धा बाहेर आला. लाल तोरणाची किनार. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळे चौकोन भरलेले. त्याखाली त्यांनी आमच्यासाठी घेतलेल्या साड्यांची लेबलं दिसत होती.

त्यांनी कागद पटकन आत कोंबला. मी तेवढ्यात रस्त्याकडे बघायला लागले.

त्यांना कळलं होतं की मी बघितलं. माझा तक्ता त्यांनी जिन्यावरून बघितला होता की नाही ते मला आजवर कळलेलं नाही, पण काठ बघायला कुणी सगळा बस्ता घेऊन कोल्हापूरला येत नाही, एवढं तर त्यांनाही समजत होतंच. दुकान मागे हाकेच्या अंतरावर होतं. त्या क्षणी एक जण जरी फस्सकन हसली असती आणि म्हणाली असती, "चला मागारी, दोघींचे पैसे घेऊन येऊ," तरी सगळं निभावलं असतं.

"ऊन लई वाढलंय न्हवं?" मालनताई म्हणाल्या.

"होय की," मी म्हणाले. "अजून तर लग्नाचा दिवस यायचाय."

रसाचे पैसे कुणी द्यायचे यावरूनही आम्ही भांडलो. त्या संध्याकाळी दुकान बंद झालं आणि मुदत खरोखर संपली.

घरी ह्यांना सांगितलं, कानाचे डॉक्टर गावाला गेलेत, मशीन लग्नानंतरच मिळेल. हे म्हणाले, "बरं." ह्यांचं सगळ्यालाच बरं असायचं. मशीन आम्ही पुढे दोन वर्षांनी घेतलं. तोवर आक्का गेल्या होत्या.

लग्न इचलकरंजीतच झालं. अंतरपाट धरला, भटजींनी सुरुवात केली आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. हे अंतरपाटाच्या पलीकडे, हातात अक्षता घेऊन, आजूबाजूच्या माणसांचे हात बघत उभे होते. इतरांचे हात उडाले की मग ह्यांचा उडायचा. दरवेळी एक क्षण मागे. लोकांच्या अक्षता पडून गेल्यावर ह्यांच्या चारदोन दाण्यांची सर वैजूच्या डोक्यावर पडायची आणि ती वर बघायची.

मग आक्का उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज वयाने चिरका झाला होता, पण काय लावला त्यांनी! मांडव चिडीचूप झाला. ह्यांनी आक्कांकडे बघितलं, पण आक्कांनी तोंडासमोर माईक धरलेला. ओठ झाकलेले. ह्यांनी मान इकडून केली, तिकडून केली. दिसेना. मग माझ्याकडे बघितलं.

मी ते मंगलाष्टक आक्कांच्या ओसरीवर बसून कितीदा ऐकलं होतं. मी ओठ हलवायला लागले. आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून, शेडमध्ये बोलायचे तशी. आई, बाप, माहेर, पाळणा, सगळं. ह्यांचं नाव आलं तेव्हा ते मी म्हटलं. उखाण्याबाहेर आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव माझ्या ओठांवर आलं, तेही भर मांडवात. ह्यांचे डोळे भरून आले. ह्यावेळी अक्षता सगळ्यांबरोबर पडल्या.

मी डोळे पुसत वळले तर मालनताई माझ्याकडेच बघत होत्या.

"व्याह्यांना ऐकायला कमी येतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"थोडं."

"अगंबाई. आम्हाला कळलंबी न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "मशीन मिळतं की हो आता. घ्यायचं की लग्नाआधी."

"सवडच झाली न्हाई," मी म्हणाले.

त्यांच्या अंगावर मी घेतलेली जांभळी साडी होती. बोलता बोलता त्यांचा हात पदराच्या टोकाशी गेला, जिथे लेबल असतं तिथे, आणि त्यांनी तो मागे घेतला.

संध्याकाळी वैजूला वाटेला लावलं. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. हे एका खुर्चीवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पोर गेली की घरातली दोन माणसं एकमेकांकडे बघायला घाबरतात, तसं आमचं झालं होतं.

"विहीणबाई चांगल्या हाईत," हे म्हणाले. मोकळ्या मांडवात त्यांचा आवाज मोठा घुमला. स्वतःचा आवाज केवढा निघतो ते त्यांना कळायचं नाही. "वैजूला त्रास न्हाई व्हायचा. आपल्यासारखीच माणसं."

"कशावरनं?" मी त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

"बस्त्याच्या दिवशी बघितलं की मी. गल्ल्यावर पोरानं कूपनाचा कागद काढला खिशातनं, तर त्याला म्हणाल्या, 'आत ठेव ते, त्यांच्यासमोर बरं दिसत न्हाई.' तुझ्याकडं पाठ होती त्यांची. मी समोरनं ओठ बघितले."

मांडववाल्याने खुर्च्यांची चळत ढकलली. ती केवढ्याने वाजली ते ह्यांना कळलंच नाही.

"म्हणून तर तुला लगीच विचारलं मी कूपनाचं," हे सांगत होते. "म्हटलं, आपण आधी काढू. आपण काढलं की त्यांनाबी काढता येईल, बिचाऱ्यांना. उगच पैसे भरत होते. पण तू म्हणालीस, मुदत संपली."

मी शेजारची रिकामी खुर्ची मांडववाल्याकडे सरकवली.

"मग म्हटलं, संपली तर संपली." त्यांनी फेट्याची घडी घातली आणि माझ्याकडे तोंड वर करून बघितलं. "खरंच संपली हुती न्हवं गं?"

मी खाली वाकून सतरंजीवरच्या अक्षता वेचायला लागले. तोंड जमिनीकडे असलं की ओठ दिसत नाहीत. मी एकेक दाणा वेचत राहिले आणि ह्यांनी परत विचारलं नाही.